मुकुटाचं तिकीट मी का काढलं नाही

आई-बाबा जूनमध्ये जर्सी सिटीला येतायत आणि पुण्याहून सध्या एकच विचारणा चालू आहे: "लिबर्टीच्या मुकुटाची तिकिटं काढलीस का?" म्हणजे न्यूयॉर्कच्या बेटावरचा स्टॅच्यू ऑफ लिबर्टी हा पुतळा; त्याच्या आतून थेट मुकुटापर्यंत चढता येतं. नाही काढली, आणि काढणारही नाही. या उन्हाळ्यात अनेकांचे आई-वडील इकडे येणार आहेत, म्हणून कारण नीट सांगते.

पैशांचा प्रश्न नाही. बोटीचं साधं तिकीट आणि मुकुटाचं तिकीट यांत काही सेंटांचाच फरक आहे. 62 वर्षांवरच्यांना सवलतही मिळते, आणि ती देताना नागरिकत्व कुणी विचारत नाही. (आपल्याकडे वेरूळला भारतीयांना 40 आणि परदेशी पाहुण्यांना 600 रुपये, यावरून ऑफिसात मला टोमणा बसलाय. लेणी आपल्या करांतून जपली जातात, असं मी तेव्हा ठणकावून सांगितलं आणि आजही सांगेन.)

अडचण जिन्याची आहे. चौथऱ्यात लिफ्ट आहे, पण चौथऱ्याच्या माथ्यापासून मुकुटापर्यंत नाही. तिथून पुढे 162 पायऱ्यांचा अरुंद, गोल फिरत जाणारा जिना. बाबा म्हणतात, रायगड पायी चढलेल्या माणसाला 162 पायऱ्या सांगतेस? पण रायगडावर वारा असतो, दम लागला की कठड्यावर टेकता येतं, वाटेत सरबतवाली भेटते. इथे बाहेरून नुसता तांब्याचा पत्रा, जाडी जेमतेम 2.4 मिलिमीटर. उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा 20 अंश फॅरनहाइटने, म्हणजे आपल्या हिशेबात 11 अंशांनी जास्त असू शकतं. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असणाऱ्यांनी चढू नये, असं पुतळ्याची व्यवस्था पाहणारी नॅशनल पार्क सर्व्हिसच सांगते. बाबांची अँजिओप्लास्टी झालेली आहे. लेकीने यापुढे आणखी काय विचार करायचा?

मशालीचं विचारू नका. तिथे 1916 पासून कुणालाच सोडत नाहीत. त्या वर्षी ब्लॅक टॉम इथल्या दारूगोळ्याच्या साठ्यात जर्मन हस्तकांनी स्फोट घडवला आणि पुतळ्यालाही इजा झाली. ती जागा आता लिबर्टी स्टेट पार्कात आहे, आमच्याच गावात.

मी चौथऱ्याची तिकिटं घेतली आहेत, आणि ती नाइलाज म्हणून नाही. माझ्या मते पाहण्यासारखी गोष्ट चौथराच आहे. पुतळा फ्रान्सने दिला, बार्तोल्दीने घडवला, आतला सांगाडा आयफेलने उभा केला. पण तो उभा करायचा कशावर? चौथरा बांधणं अमेरिकेकडे होतं आणि 1885 साली पुतळ्याचे भाग खोक्यांतून न्यूयॉर्कला आले तेव्हा चौथऱ्याचे पैसे संपलेले होते. धनिकांनी हात आखडता घेतला होता. तेव्हा 'वर्ल्ड' या वृत्तपत्राचे जोसेफ पुलित्झर, जे स्वतः हंगेरीहून आलेले स्थलांतरित होते, त्यांनी वाचकांना हाक दिली: रक्कम कितीही लहान असो, देणाऱ्याचं नाव छापू. लाखाहून जास्त लोकांनी पैसे पाठवले, त्यांत शाळकरी मुलंही होती. बहुतेकांची देणगी एका डॉलरहून कमी होती. काही महिन्यांत एक लाख डॉलर जमले, आणि 28 ऑक्टोबर 1886 ला पुतळ्याचं लोकार्पण झालं.

हे वाचताना मला 'केसरी' आठवला. पुलित्झर यांच्या हाकेनंतर बरोबर दहा वर्षांनी, 1895 मध्ये, लोकमान्यांनी रायगडावरच्या शिवसमाधीच्या जीर्णोद्धारासाठी अशीच हाक दिली होती आणि लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी पाठवली होती. तेव्हा वर्गणीच्या पैशांतून स्मारक उभं करणं आपल्याला कुणी इकडून शिकवायला नको. उलट टिळकांचं काम अधिक अवघड होतं. पुलित्झर यांच्या डोक्यावर परकं सरकार नव्हतं. मात्र एक मानलं पाहिजे: इथे त्या देणगीदारांची गोष्ट बेटावर येणाऱ्याला आवर्जून सांगितली जाते. रायगडावर शिवरायांपुढे दुसरं काही आठवत नाही हे खरंच, पण ज्यांनी आणे-पैसे पाठवले त्यांची नावं एखाद्या दगडावर असती तर मला फार आवडलं असतं. बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ केसरीवरच बोलत राहिले. मुकुटाचा विषय निघाला नाही.

आता कामाचं. बेटावर उतरवणारी अधिकृत बोट एकाच कंपनीची आहे, स्टॅच्यू सिटी क्रूझेस. मॅनहॅटनच्या बॅटरी पार्काबाहेर जॅकेट घालून तिकिटं विकणारे गाठतात. त्यांच्यातल्या कित्येकांची बोट नुसती पुतळ्यासमोरून फिरून परत येते. आम्ही जर्सीच्या बाजूने, जुन्या रेल्वे टर्मिनसपाशी बोटीत बसणार आहोत. शेजारच्या एलिस बेटावर पूर्वी अमेरिकेत येणाऱ्यांची तपासणी व्हायची; तिथून आलेल्या असंख्य स्थलांतरितांनी पुढची आगगाडी इथूनच पकडली होती. पुतळ्याच्या हातातून उतरवलेली मूळ मशाल बेटावरच्या, 2019 साली उघडलेल्या संग्रहालयात अगदी जवळून पाहता येते, आणि तिथे जायला वेगळं तिकीट लागत नाही. उन्हाळ्यात मुकुटाची तिकिटं काही महिने आधी संपतात आणि चौथऱ्याचीही फार काळ उरत नाहीत, म्हणून विमानाचं आरक्षण झालं की लगेच ही काढा. मुकुटच हवा असेल तर प्रत्येकाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच भरा, कारण तिथे ओळखपत्र तपासतात. मोठी पिशवी घरीच ठेवा.