डोंगर नसलेला ज्वालामुखी

आमच्या वेळी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी निदान एक तरी ज्वालामुखी असायचाच. पुठ्ठ्यावर कागदाच्या लगद्याचा डोंगर, त्याला तपकिरी पोस्टर कलर आणि माथ्यावर अमोनियम डायक्रोमेटची चिमूट. काडी लावली की नारिंगी स्फटिक ठिणग्या उडवत फुलायचे आणि हिरवी राख टेबलभर पसरायची. टाळ्या, शिट्ट्या आणि नंतर झाडू मारताना शिपाईमामांची बडबड. (ते रसायन विषारी असतं, आताच्या मुलांनी हा उद्योग करू नये.) दिसायला झकास, पण ज्वालामुखीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. खऱ्या ज्वालामुखीत मुळात काही जळत नसतं.

हे आम्हाला नववीत भूगोलाच्या बाईंनी सांगितलं. बाई फटकळ होत्या. 'जागृत, निद्रिस्त, मृत' हे तीन प्रकार घोकून मार्क मिळतात, पण डोक्यात काही शिरत नाही, हे त्यांचं ठाम मत. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमानातलं बॅरन बेट, एवढं त्यांनी परीक्षेपुरतं लिहून घ्यायला लावलं आणि पुस्तक मिटलं. "पृथ्वीच्या पोटात लाव्ह्याचा समुद्र आहे, असं कुणी सांगितलं रे तुम्हाला?" वर्ग गप्प. मग कळलं की कवचाखालचा जवळजवळ २,९०० किलोमीटर जाडीचा थर प्रचंड तापलेला असला तरी बहुतांशी घनच असतो. वरच्या दाबामुळे तो वितळू शकत नाही. तोच खडक हळूहळू वर सरकला आणि दाब उतरला, की आणखी न तापताही थोडाथोडा वितळू लागतो. किंवा एक भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड, सरकता तुकडा) दुसऱ्याखाली घुसताना सोबत पाणी नेतो, त्या पाण्यामुळे खडक कमी तापमानाला वितळतो. वितळलेला शिलारस भोवतालच्या खडकापेक्षा हलका, म्हणून तो वर चढतो.

पण नुसतं चढणं वेगळं आणि फुटणं वेगळं. त्यासाठी बाईंनी एका मुलाला शाळेसमोरच्या गाडीवरून गोटी सोडा आणायला पिटाळलं. "बाटलीत बुडबुडे दिसतात?" नव्हते दिसत. अंगठ्यानं गोटी दाबली, फस्स झालं आणि बाटलीभर बुडबुडे उसळले. वायू आतच विरघळलेला होता, दाब गेल्यावर तो सुटा झाला. शिलारसात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड असेच विरघळलेले असतात. रस पातळ असेल, म्हणजे त्यात सिलिका (वाळूत असते तीच) पन्नास टक्क्यांच्या आसपास असेल, तर वायू सहज निसटतात आणि लाव्हा वाहत राहतो. हवाई बेटांवर बहुधा असंच चालतं. सिलिका पासष्ट-सत्तर टक्क्यांवर गेली की रस चिकट होतो, बुडबुडे अडकतात, फुगतात आणि शेवटी रसाचेच तुकडे-तुकडे होऊन राख उडते. १८८३ साली इंडोनेशियातला क्राकाटोआ फुटला, त्याचा आवाज सुमारे ४,८०० किलोमीटरवरच्या, हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटापर्यंत ऐकू गेला. पुढे १९९१ च्या जूनमध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो फुटला तेव्हा मला पहिल्यांदा तो सोडाच आठवला. त्याच्या गंधकी वायूनं वातावरणात उंचावर असा काही पडदा धरला, की पुढचं वर्षभर जगाचं सरासरी तापमान अर्ध्या अंशाच्या आसपास उतरलं होतं.

एका शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर बाईंनी आम्हाला पुण्यातल्या वेताळ टेकडीवर खाणीपाशी नेलं. भिंतीत खाली काळाकुट्ट, ठोस दगड. दुसरीकडे भोकाभोकांचा, करंगळीचं टोक आत जाईल असा. एकेका भोकात पांढरे स्फटिक, भिंगातून पाहिलं तर अगदी बारीक सुया. लाव्ह्याचा थर थिजताना बुडबुडे वर चढतात आणि वरच्या सायीखाली अडकतात. ती ही भोकं. पुढे खडकातून झिरपणाऱ्या गरम पाण्यानं त्यांत खनिजं भरली. घाटरस्त्यांत दगडाच्या दोन थरांमध्ये तांबडा पट्टा दिसतो ना, तो दोन उद्रेकांमधल्या विसाव्याचा: तेवढ्या काळात खालच्या थराची माती झाली आणि पुढच्या लाव्ह्यानं ती भाजून काढली.

"बाई, मग तोंड कुठाय?" कुणीतरी पर्वतीकडे बोट केलं. बाई हसल्या. इथे तोंड नव्हतं आणि सुळकाही नव्हता. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून पातळ लाव्हा पुन्हापुन्हा पसरला. झीज होऊनही आज त्यातला जवळपास पाच लाख चौरस किलोमीटर उरला आहे. पर्वती, वेताळ टेकडी या वर उचलल्या गेलेल्या नाहीत, भोवतालचं झिजून गेलं आणि त्या राहिल्या. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर याच दगडात कोरलेलं आहे.

पुढे माझी नोकरी भूजलाच्या कामातली. गावात गेलं की 'साहेब, बोअर कुठं घेऊ?' हा पहिला प्रश्न आणि मी आधी जुन्या विहिरीत डोकावणार. काळ्या पाषाणात भेग असेल तरच पाणी. भोकाभोकांचा दगड दिसला म्हणून हुरळायचं नाही, भोकं खनिजांनी बुजलेली असतात. तो कुजून मुरूम झाला असेल तरच आशा. जमीन जरा हादरली की दुसरा प्रश्न ठरलेला: ज्वालामुखी परत जागा होईल का? नाही होणार. ज्या उष्ण स्रोतानं हे सगळं ओतलं, तो हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. भारताचा भूपट्ट तेव्हापासून उत्तरेकडे सरकत आला, स्रोत मागे राहिला. रियुनियनवरचा ज्वालामुखी अजूनही पातळ लाव्हा ओकतो.

शाळेच्या नव्या प्रयोगशाळेत खडकांचं कपाट होणार, असं स्मरणिका समितीकडून कळलं. वाघोलीच्या खाणीतला निळा कॅव्हन्साइट आणि स्टिल्बाइट, अशाच भोकांत वाढलेली स्फटिक-खनिजं, माझ्याकडे आहेत, ते आणून देतो. एक काळा ठोस दगड आणि एक भोकांचाही ठेवा. आणि डायक्रोमेटची बाटली अजून असलीच, तर ती तेवढी कुलपात असू द्या.