हायडनचे उतारवयातले घर

व्हिएन्नाला जाणारे संगीतप्रेमी बहुधा मोत्झार्टच्या घरी जाऊन येतात, कारण ते सेंट स्टीफनच्या कॅथेड्रलमागच्या गल्लीत, म्हणजे पर्यटकांच्या नेहमीच्या वाटेवरच आहे. संगीतकार योझेफ हायडनचे घर त्याच्या काळी शहराच्या तटाबाहेर होते आणि आजही ते मुद्दाम शोधत जावे लागते. मारियाहिल्फर श्ट्रासेवरच्या दुकानांची वर्दळ मागे टाकून उताराच्या दिशेने थोडे चालले, की हायडनगासे नावाच्या शांत रस्त्यावर, उंच इमारतींच्या रांगेत, तळमजला आणि वर एकच मजला असलेले हे घर लागते. हायडनच्या काळी या वस्तीत कारागीर राहत असत. घरात 1899 पासून संग्रहालय आहे आणि ते सोमवारी बंद असते, एवढे ध्यानात ठेवून जावे.

हे घर पाहताना त्याच्या मालकाचे आधीचे आयुष्य डोळ्यांसमोर असणे आवश्यक आहे, नाहीतर ते एका सुखवस्तू गृहस्थाचे नीटनेटके घर वाटेल आणि तेवढ्यावरच पाहणे संपेल. हायडन 1761 मध्ये एस्टरहाझी या हंगेरियन सरदार घराण्याच्या नोकरीत शिरला आणि 1790 पर्यंत त्याच दरबारी राहिला. त्याच्या करारात पांढरे मोजे घालण्यापासून केसांना पावडर लावण्यापर्यंतच्या अटी होत्या. रोज दुपारपूर्वी आणि दुपारनंतर राजपुत्राच्या दालनाबाहेर हजर राहून आज संगीताची आज्ञा आहे का, हे विचारणे हा कामाचाच भाग होता, आणि त्याने रचलेले संगीत राजपुत्राच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कोणाला देता येत नसे. ही शेवटची अट 1779 च्या नव्या करारात गेली. कोल्हापूर, मिरज किंवा बडोद्याच्या दरबारी कलावंतांच्या कथा ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटणार नाही. आश्रय होता म्हणून संगीत झाले, हे खरे. पण राहायचे ते दुसऱ्याच्या वाड्यात आणि दुसऱ्याच्या वेळापत्रकाप्रमाणे, हेही तितकेच खरे.

त्यामुळे लंडनच्या दोन दौऱ्यांच्या मधल्या काळात, 1793 साली, एकसष्टीच्या हायडनने हे घर विकत घेतले, याला माझ्या लेखी फार महत्त्व आहे. घर हेरले होते ते त्याच्या बायकोने. तो लंडनमध्ये असताना तिने पत्र लिहून कळवले, की एक छोटेसे छान घर पाहिले आहे, ते माझ्या वैधव्यात मला उपयोगी पडेल, तरी 2000 गुल्डन पाठवावेत. हायडनने पैसे पाठवले नाहीत; परतल्यावर स्वतः घर पाहिले, त्यालाही ते आवडले, मग ते घेऊन त्यावर एक मजला चढवला आणि 1797 मध्ये तो तिथे राहायला आला. बायको 1800 मध्ये वारली आणि त्या घरात विधुर म्हणून राहण्याची पाळी हायडनवर आली. हा किस्सा म्हातारपणी तो स्वतःच पाहुण्यांना सांगत असे. नवराबायकोचे फारसे पटत नव्हते, हे जगजाहीर होते, म्हणून सांगताना त्याच्या चेहऱ्यावर काय भाव असतील, याचा अंदाज करता येतो.

वरच्या मजल्यावरच्या खोल्यांतून फिरताना त्याची दिनचर्या आठवत राहते, कारण ती त्याच्या चरित्रकारांनी बारकाईने नोंदवून ठेवली आहे. उन्हाळ्यात साडेसहाला उठायचे, आठला न्याहारी करायची आणि लगेच पियानोपाशी बसून, काही हाती लागेपर्यंत स्वैर वाजवत राहायचे. जे सापडेल ते तिथल्या तिथे कागदावर उतरवायचे. दुपारच्या जेवणानंतर, चारच्या सुमारास, सकाळचा तो कच्चा मजकूर घेऊन तीन-चार तास संपूर्ण वाद्यवृंदासाठी लिहून काढायचा. रात्री दहाला पाव आणि वाइन. ‘द क्रिएशन’ (1798) आणि ‘द सीझन्स’ (1801) ही दोन महान ऑरेटोरिओ, म्हणजे गायक, समूहगान आणि वाद्यवृंदासाठीची मोठी कथात्म रचना, पूर्ण झाली ती या घरी, अशाच शिस्तीत. प्रतिभेच्या झटक्यांच्या गोष्टी ज्यांना प्रिय आहेत, त्यांची इथे निराशा होईल. मला मात्र हे वेळापत्रक एखाद्या घरंदाज गवयाच्या रियाजाइतकेच आदरणीय वाटते.

संग्रहालयाची आजची मांडणी हायडनच्या मृत्यूला दोनशे वर्षे झाली त्या निमित्ताने 2009 मध्ये केलेली आहे, आणि तिने संपूर्ण चरित्र सांगण्याचा मोह टाळून या घरातल्या शेवटच्या वर्षांवरच भर दिला आहे. हा निर्णय मला फार योग्य वाटला. संगीतकारांच्या संग्रहालयांत बहुतेकदा यशाची चढती कमान दाखवतात; इथे एक माणूस म्हातारा होताना दिसतो. ‘द सीझन्स’नंतर त्याची शक्ती ओसरत गेली. कल्पना सुचत होत्या, पण त्या धरून ठेवून पुढे नेणे जमत नव्हते. 1803 मध्ये सुरू केलेल्या चौकडीच्या (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनेच्या) दोन मधल्या भागांपुढे काम सरकले नाही, तेव्हा ती तशीच अपुरी छापू दिली. भेटकार्डावर त्याने स्वतःच्याच एका गीतातली ओळ स्वरांसह छापून घेतली होती, तिचा आशय असा: माझी सारी शक्ती गेली, मी म्हातारा आणि दुबळा झालो आहे. भेटायला येणाऱ्यांना नकार कळवण्याची इतकी सुरेल आणि इतकी निरुपाय पद्धत दुसरी नसेल. तरीही त्याचा विनोद शाबूत होता. शयनगृहाच्या भिंतींवर त्याने स्वतःचे 46 कॅनन, म्हणजे एकच चाल आवाजांनी एकामागून एक उचलायच्या छोट्या रचना, चौकटीत बसवून टांगले होते. चित्रे विकत घेण्याइतका मी श्रीमंत नाही, म्हणून भिंतींची सजावट मीच केली, असे तो म्हणत असे.

1809 च्या मे महिन्यात नेपोलियनच्या सैन्याने व्हिएन्नावर तोफा डागल्या, तेव्हा एक गोळा या घराजवळ येऊन पडला. घाबरलेल्या नोकरांना हायडनने धीर दिला, की जिथे हायडन आहे तिथे काही होणार नाही. बोलताना त्याचे स्वतःचे अंग थरथरत होते, हेही लिहून ठेवलेले आहे, आणि त्यामुळेच तो प्रसंग खरा वाटतो. शहर पडल्यावर एक फ्रेंच अधिकारी भेटीला आला आणि त्याने ‘द क्रिएशन’मधले एक गीत यजमानापुढे गाऊन दाखवले. हायडन मात्र रोज पियानोवर वाजवत असे ते त्याने 1797 मध्ये सम्राट फ्रान्झसाठी रचलेले गीत, शत्रू शहरात असतानाही. आज त्याच चालीवर जर्मनीचे राष्ट्रगीत गायले जाते. 31 मे रोजी याच घरात त्याचे निधन झाले.

एका खोलीत एकोणिसाव्या शतकातला संगीतकार योहानेस ब्राम्सचे सामान मांडले आहे, कारण कार्ल्सगासेमधले त्याचे राहते घर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाडले गेले. ब्राम्सची हायडनवर भक्ती होती, म्हणून ही सोय अगदीच अस्थानी नाही. तरी हायडनच्या म्हातारपणात गुंतलेले मन तिथे उगाच तुटते, असे माझे मत झाले. त्यापेक्षा मागच्या बाजूची, त्या काळच्या धर्तीवर लावलेली बाग अधिक जवळची वाटते.

इतक्या उशिरा स्वतःचे घर मिळालेल्या या माणसाला मृत्यूनंतर मात्र लगेच थारा मिळाला नाही. कवटीच्या आकारावरून माणसाचे गुण ओळखू पाहणाऱ्या मस्तकविज्ञानाच्या वेडापायी दफनानंतर काही दिवसांतच त्याची कवटी चोरण्यात आली. 1820 मध्ये एस्टरहाझींनी अवशेष आपल्या आयझेनश्टाट या गावी हलवण्यासाठी शवपेटी उघडली तेव्हा हे उघडकीस आले, आणि चोरांनी भलत्याच कोणाची तरी कवटी त्यांच्या हाती ठेवली. खरी कवटी 1954 मध्ये थडग्यात पोहोचली. ती ठेवताना आधीची काढली नाही, त्यामुळे आयझेनश्टाटच्या बेर्गकिर्शे या चर्चमध्ये हायडनच्या थडग्यात आजही दोन कवट्या आहेत.