जंपर ३.३ वर, पिनवर मात्र ५

त्या दिवशी सहा बोर्ड टेस्टिंगला द्यायचे होते. प्रत्येकावर एटीमेगा३२८पी हा मायक्रोकंट्रोलर, शेजारी ३.३ व्होल्टची फ्लॅश मेमरी, दोन्ही एकाच एसपीआय लाइनवर (चिप्सनी आपसात डेटा पाठवायच्या तारा). प्रोग्रामर, म्हणजे चिपमध्ये कोड भरायचं यूएसबी यंत्र, होता ड्रॉवरमधला यूएसबीएएसपीचा बिननावाचा क्लोन, लिनक्सवर ड्रायव्हरची भानगड नाही, एव्हीआरड्यूड हे कोड भरायचं सॉफ्टवेअर टाकलं की झालं, म्हणून आम्ही वर्षानुवर्षं तोच वापरत आलेलो.

सकाळ परमिशनमध्ये गेली. नवीन लॅपटॉप, सुडोशिवाय (म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्कांशिवाय) चालेना. कोणी म्हणालं डायलआउट ग्रुपमध्ये स्वतःला टाक, पण तो ग्रुप सीरियल पोर्टसाठी असतो, हा प्रोग्रामर सीरियल पोर्ट म्हणून दिसतच नाही. त्याच्या यूएसबी आयडीसाठी, म्हणजे १६सी०:०५डीसी साठी, यूडेव्ह रूल (कोणतं उपकरण कोणाला वापरता येईल हे ठरवणारा लिनक्सचा नियम) लिहिला, केबल काढून परत लावली, मग चाललं.

पुढे 'टार्गेट डझन्ट आन्सर' असा एरर, म्हणजे चिप उत्तरच देत नाही. हे ओळखीचं होतं, कोरी चिप १ मेगाहर्ट्झवर चालते आणि आयएसपी क्लॉक (बोर्डवरच्या चिपमध्ये कोड भरायचा वेग) त्याच्या पावपटीपेक्षा कमी लागतो, म्हणजे २५० किलोहर्ट्झच्या आत, आणि हा पठ्ठ्या ३७५ ने सुरू करतो. एव्हीआरड्यूडच्या वेग बदलायच्या बी ऑप्शनला १० दिलं, तर फर्मवेअर जुनं, क्लॉक सेट करता येत नाही म्हणे. शेवटी प्रोग्रामरवरचा स्लो क्लॉकचा जंपर (दोन पिना जोडायची जागा) शॉर्ट केला. गोगलगायीच्या वेगाने का होईना, तीन बोर्ड प्रोग्राम झाले.

आणि त्यातल्या दोघांची फ्लॅश मेली.

आधी मला वाटलं आमचंच डिझाइन चुकलंय, रिसेटमध्ये असताना फ्लॅशला निवडणारी सीएस पिन तरंगते, तिला वर ओढून धरणारा पुलअप रेझिस्टर टाकायचा राहिलाय, वगैरे. पण त्याने फार तर रीडिंगमध्ये कचरा येईल, चिप कशाला मरेल? प्रोग्रामरचा व्होल्टेज जंपर तर मी स्वतः ३.३ वर लावला होता, दोनदा बघितला होता. मग बोर्ड काढून प्रोग्रामरच्या नुसत्या एमओएसआय पिनवर (चिपकडे डेटा पाठवणारी पिन) व्होल्टेज बघायचा स्कोप लावला आणि कमांड मारली. पल्स सरळ ५ व्होल्टला! जंपर फक्त सप्लायची पिन बदलतो, प्रोग्रामरच्या आतला कंट्रोलर एटीमेगा८ यूएसबीच्या ५ वरच चालतो, त्यामुळे डेटा लाइन ५ च्याच राहतात. इतकी वर्षं कळलं नाही कारण आमचे जुने सगळे बोर्ड ५ चेच होते ना.

उरलेले तीन बोर्ड मी त्याला लावलेच नाहीत. दुसऱ्या टीमकडून अ‍ॅटमेल-आयसीई नावाचा प्रोग्रामर मागून आणला, तो टार्गेटचं व्होल्टेज स्वतः बघतो आणि सिग्नल त्याच लेव्हलला देतो, १.६२ पासून ५.५ पर्यंत, आणि नव्या टायनी चिप्सचं यूपीडीआय (त्यांच्यात कोड भरायची पद्धत) पण येतं त्यात. महाग आहे, पण दोन मेलेले बोर्ड दाखवल्यावर स्वतःचा एक घ्यायला मॅनेजरने हो म्हटलं.

फक्त तो बोर्डला सप्लाय देत नाही हे मी साफ विसरलो होतो, त्यामुळे अर्धा तास प्रोग्रामरला शिव्या घालण्यात गेला. बाहेरून ३.३ दिल्यावर पहिल्याच फटक्यात चिपची सिग्नेचर, म्हणजे तिचा ओळख क्रमांक, आली, १ई९५०एफ.