क्रेनवाल्याशी बोलणारा एकच माणूस हवा

आमच्या कोथरूडच्या सोसायटीतला पार्किंगवर झुकलेला जुना गुलमोहर शेवटी क्रेनने उतरवला. बुंध्याशी बुरशीच्या बशीसारख्या छत्र्या आल्या होत्या, आतून पोकळ झालेला, आणि गुलमोहराची मुळं तशीही फार खोल जात नाहीत, म्हणजे पहिल्या मोठ्या वळवात गेला असता तो सरळ गाड्यांवर. परवानगी वगैरे महापालिकेच्या उद्यान विभागाकडून घ्यावी लागते, १९७५ चा वृक्ष कायदा आहे, खाजगी जागेतलं झाड असलं तरी स्वतःच्या मर्जीने तोडता येत नाही. तो भाग कंटाळवाणा आहे, सोडून देतो.

क्रेनच का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. एरवी माणूस वर चढतो आणि फांद्या दोराने त्याच झाडाला टांगून खाली सोडतात, पण प्रत्येक फांदी सुटताना झाडाला झटका बसतो आणि पोकळ झाडाला तो झटका सोसवेल याची खात्री कोण देणार? म्हणून वजन क्रेनने धरायचं, आणि कापणारा झाडावर न चढता वेगळ्या बूम लिफ्टच्या, म्हणजे माणसाला वर नेणाऱ्या लांब हाताच्या गाडीच्या बादलीत.

आता गंमत बघा. क्रेनचा ऑपरेटर बिल्डिंगच्या पलीकडे, त्याला फक्त पाला दिसतो. वरच्या माणसाच्या कानाशी करवत, त्याला काही ऐकू येत नाही. आणि आपण पुणेकर, म्हणजे प्रत्येक बाल्कनीत एक तज्ज्ञ! तिसऱ्या मजल्यावरून एक काका "डावीकडे घे रे" म्हणून ओरडत होते, अहो पण कोणाची डावी, तुमची की त्याची? ठेकेदाराच्या सुपरवायझरने काम तिथेच थांबवलं आणि सगळ्यांना सांगितलं, ऑपरेटरशी फक्त मी बोलणार. डावं-उजवं बंद, दिशा म्हणजे "गेटकडे" नाहीतर "टाकीकडे". मला माणूस तिथेच आवडला.

वॉकीटॉकीवर त्याचं बोलणं ऐकण्यासारखं होतं. "खाली, खाली, खाली, खाली, बस." मधे आवाज तुटला तर ऑपरेटरने जागच्या जागी थांबायचं, पुढचं गृहीत धरायचं नाही. बॅटरी गेली तर हाताच्या खुणा आधीच ठरलेल्या, तळहात जमिनीकडे करून आडवा हात हलवला की थांब. हुकम एकाचाच, पण "थांब" मात्र कोणीही म्हणायचं, अगदी वॉचमनसुद्धा, आणि ते ऐकल्यावर ऑपरेटरने "का?" विचारत बसायचं नाही, आधी थांबायचं. जेवणानंतर खुणा देणारा बदलला तर तेही सगळ्यांसमोर सांगून.

बोलणं एवढं कशाला, तर वजनासाठी. दोन फूट जाडीचा आणि दहा फूट लांबीचा ओला ओंडका सहज ८००-९०० किलोच्या आसपास जातो, बघून वाटत नाही. आणि "साहेब १४ टनाची क्रेन आहे" हे वाक्य अर्धवट आहे, तो आकडा बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, जवळ असतानाचा, बूम जसजशी लांब जाते तसतसा तो झपाट्याने उतरतो, ऑपरेटरकडे त्याचा चार्ट असतो. त्यामुळे कापायच्या आधी वरचा माणूस अंदाज सांगतो, ऑपरेटर चार्ट बघून हो किंवा नाही म्हणतो, नाही म्हटलं तर तुकडा छोटा करायचा, विषय संपला. तुकडा ज्याने क्रेनला बांधलेला असतो तो पट्टा किती ताणायचा तेही बोलूनच ठरतं, जास्त ताणला तर तुकडा सुटताना वर उडी मारतो, ढिला ठेवला तर झटक्याने खाली बसतो, आणि दोन्ही वेळेला बादलीतला माणूस शेजारीच असतो. म्हणून शेवटचा थोडा भाग न कापता ठेवून करवत बंद, बादली मागे, आणि मगच "उचल". तुकडा जमिनीला टेकून पट्टा ढिला होईपर्यंत खालच्या पोरांनी जवळ जायचं नाही, फार तर लांबून दोर धरून त्याला वळवायचं.

आपल्याकडून म्हणजे सोसायटीकडून एक माहिती वेळेवर जायलाच हवी, जमिनीखाली काय आहे! क्रेनचे पाय म्हणजे आउटरिगर ज्या पेव्हर ब्लॉकवर टेकणार होते, त्याच्याच जवळ आमची जमिनीखालची पाण्याची टाकी, आणि जुना सेप्टिक टँक कुठे बुजवलाय हे फक्त एका आजोबांना आठवत होतं. त्यांना खुर्ची देऊन खाली बसवलं, त्यांनी काठीने रेघ मारून दाखवली, मग क्रेन मागे घेतली आणि पायाखाली जाड लाकडी फळ्या टाकल्या. गल्लीतली वायर असेल तर महावितरणच्या लाइनमनने जागेवर येऊन लाइन बंद केल्याचं स्वतः सांगायला हवं, "बंद केलीय म्हणे" यावर काम सुरू करायचं नाही. आणि मे महिन्यात हे सगळं सकाळीच उरकायचं, दुपारी वारा सुटला की क्रेनवर टांगलेला पानांचा डेरा शिडासारखा वागतो.

काकांना नंतर सुपरवायझरने स्वतःहून चहा विचारला, तेव्हा ते "तसं मी बरोबरच सांगत होतो" म्हणाले. बदल्यात झाडं लावायची आहेत, बहावा की कडुनिंब यावर ग्रुपवर जोरात चालू आहे, मी एवढंच लिहिलंय की जे काय लावाल ते टाकीपासून लांब लावा.