किनिगीचे बटाटे आणि भिंतीपलीकडचे शेजारी

किगालीच्या किमिरोन्को बाजारात बटाटे मागितले की विक्रेती आधी विचारते, कुठले देऊ? मी किनिगी मागते. लालसर सालीचा आणि उकडल्यावर छान पिठूळ होणारा हा बटाटा. आमच्या घरात वडे होतात ते याचेच. रवांडात येऊन चार वर्षं झाली, तरी हे नाव ज्या गावाचं आहे तिथे जाणं यंदाच्या जूनमध्ये घडलं.

किनिगी उत्तरेला, किगालीपासून गाडीने अडीच तासांवर. ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यानाचं मुख्यालय तिथे आहे. पहाटे चारला निघून आम्ही सातच्या आत पोचलो. समोर सबिन्यो ज्वालामुखीचे दातेरी सुळके, पाठीमागे ढगात बुडालेला 4,507 मीटर उंच करिसिंबी. पर्वतीय गोरिला बघायला आलेले लोक अंगणात गरम कॉफीचे पेले धरून उभे होते. आठ-आठ जणांचे गट पाडतात आणि एका गोरिला कुटुंबाकडे दिवसभरात एकच गट जातो, तोही एका तासासाठी. परदेशी पर्यटकाला या एका तासाचे 1,500 डॉलर मोजावे लागतात, म्हणजे सव्वा लाख रुपयांच्या वर. मे 2017 पर्यंत हा दर 750 डॉलर होता. इथे राहणाऱ्यांना सवलत मिळते, म्हणून आम्हाला परवडलं, तरी वर्षभर पैसे बाजूला टाकत होतो.

आणि नेमका आदल्या रात्रीपासून नवऱ्याला खोकला. गोरिलांना आपली सर्दी-खोकल्याची लागण होते. आपला साधा पडसं-ताप त्यांच्या फुफ्फुसात उतरला तर जीवही जातो. त्यामुळे आजारी माणसाला वर सोडत नाहीत. गोळी घेऊन खोकला दाबता आला असता, वर मास्क तर सगळ्यांनाच लावावा लागतो. नवरा वाटाड्याकडे गेला आणि स्वतःहून सांगून आला. मला म्हणाला, "तू जा. मी इथे बसतो." वर्षभर वाट बघितलेला दिवस त्याने असा सोडून दिला. परत आले तेव्हा तो अंगणातल्या त्याच बाकावर बसलेला होता. या सगळ्या प्रवासात मला त्याचा इतका अभिमान दुसऱ्या कुठल्या क्षणी वाटला नाही.

आमच्या वाट्याला अमाहोरो नावाचं कुटुंब आलं. किन्यारवांडा भाषेत अमाहोरो म्हणजे शांतता. बिसोके ज्वालामुखीच्या उतारावर त्यांचा वावर असतो. पायथ्याला गाडी थांबली तेव्हा निळ्या कपड्यातले हमाल रांगेत उभे होते. माझी पिशवी एका पंचेचाळिशीच्या बाईंनी घेतली आणि हातात काठी दिली. मग जंगल लागायच्या आधी अर्धा-पाऊण तास आम्ही नुसत्या शेतांतून चढत होतो. काळीभोर, भुसभुशीत ज्वालामुखीची माती, बटाट्याचे वाफे, आणि मधूनच पांढऱ्या फुलांचे पट्टे. ते पायरेथ्रम, आपल्या शेवंतीच्या जवळचं झाड. याच्या फुलांपासून कीटकनाशक बनतं. 1969 च्या सुमारास या पिकासाठी उद्यानाचं जवळजवळ शंभर चौरस किलोमीटर जंगल तोडण्यात आलं. आज उद्यान उरलंय ते जेमतेम 160 चौरस किलोमीटर. म्हणजे मी ज्या वाफ्यांमधून चालत होते, तिथे माझ्या आईच्या तरुणपणी गोरिला राहत होते.

शेवटचा वाफा संपतो आणि भिंत लागते. ज्वालामुखीचे काळे दगड एकावर एक रचून केलेली, माझ्या छातीपर्यंत येईल एवढी. मध्ये चुना-सिमेंट काही नाही. ती रानम्हशींसाठी आहे, त्यांनी शेतात उतरू नये म्हणून. अलीकडे बटाटे, पलीकडे बांबूचं दाट बन, मध्ये बफर वगैरे काही नाही. आमच्या सोबतच्या बाईंचं शेत या भिंतीला लागूनच होतं. वाटाड्याने दुभाष्याचं काम केलं म्हणून आमचं बोलणं झालं. म्हशी येतात का अजून? येतात, त्या म्हणाल्या, दगड ढासळला की येतात. पीक काढणीला आलं की आम्ही रात्री खोपटात जागतो.

मी तिथेच थांबले. माझं माहेर भद्रावतीजवळ, शेती ताडोबाच्या बफरला लागून. रानडुकरांचा कळप एका रात्रीत हरभऱ्याचं वावर उलथून टाकतो. माझ्या बाबांनी कित्येक हिवाळे मचाणावर जागल केली, हातात टॉर्च आणि पत्र्याचा डबा घेऊन. सकाळी त्यांचे डोळे लाल असायचे आणि त्याच रस्त्याने सफारीच्या जिप्सी जायच्या. मी वाटाड्याला म्हटलं, यांना सांगा, माझे वडीलही असेच जागतात. बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि विचारलं, "कुणासाठी?" डुकरांसाठी, मी म्हटलं, आणि त्या डुकरांच्या मागे वाघ येतो.

भिंत ओलांडल्यावर दीड तासाची चढण. चिखल, अंगाला लागली की आग करणारी झुडपं, बांबूच्या खाली वाकून जावं लागणाऱ्या वाटा. मग पुढे गेलेल्या माग काढणाऱ्यांनी हात वर केला. पिशव्या, काठ्या, हमाल मागे राहिले.

तो तास मला क्रमाने सांगता येणार नाही. पाठीवर रुपेरी केस असलेला नर आमच्याकडे पाठ करून बसला होता आणि देठ सोलत होता. एक देठ दातात धरायचा, हाताने खाली ओढायचा, साल टाकायची, आतला पांढरा गाभा खायचा. हे तो इतक्या निगुतीने करत होता की मला शेवग्याची शेंग सोलणारी आजी आठवली. त्याची नखं काळी, रुंद, आणि हुबेहूब आपल्यासारखी. वाटाड्या घशातून हलकासा घोगरा आवाज काढत होता, खाकरल्यासारखा. आम्ही मित्र आहोत, असा त्याचा अर्थ. नराने एकदा तसंच उत्तर दिलं. एक पिल्लू आईच्या पोटावरून घसरून आमच्या दिशेने धावत आलं, तेव्हा वाटाड्याने आम्हाला हळूहळू मागे सरकवलं. दहा मीटरचं अंतर आपण पाळायचं असतं, पिल्लाला ते कोण सांगणार!

या पिल्लांचं बारसं होतं. इथल्या माणसांमध्ये बाळाचं नाव ठेवायचा जो जुना सोहळा आहे, क्विता इझिना, तोच 2005 पासून जवळजवळ दरवर्षी गोरिलांच्या पिल्लांसाठीही करतात. साडेतीनशेहून जास्त पिल्लांना अशी नावं मिळालीत. मादी साधारण चार वर्षांतून एकदा विते, त्यामुळे यातलं प्रत्येक नाव मोलाचं. 1981 च्या मोजणीत या विरुंगा डोंगररांगेत 254 गोरिला उरले होते. जवळच, याच बिसोके आणि करिसिंबीच्या मधल्या खिंडीत गोरिलांच्या अमेरिकन अभ्यासक डायन फॉसी यांनी 1967 मध्ये करिसोके संशोधन केंद्र उभारलं आणि शिकाऱ्यांशी लढता लढता डिसेंबर 1985 मध्ये त्यांचा तिथेच खून झाला. पुढे 1994 चा रवांडातला नरसंहार. लाखो माणसं मारली गेली, जंगलातून निर्वासितांचे लोंढे गेले. आणि तरीही 2015-16 च्या मोजणीत इथे 604 गोरिला निघाले. युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलातले धरून 1,063. जगातल्या एकाही प्राणिसंग्रहालयात पर्वतीय गोरिला नाही. जे आहेत ते इथे आणि ब्विंडीत.

मला पक्कं वाटतं, हे फक्त पहाऱ्याने झालेलं नाही. उद्यानाच्या पर्यटनातल्या उत्पन्नाचा वाटा 2005 पासून आसपासच्या लोकांसाठी बाजूला काढला जातो. आधी पाच टक्के होता, 2017 मध्ये दहा झाला. त्यातून शाळा, दवाखाने, पाण्याच्या टाक्या झाल्या. हमालांमध्ये काही जण पूर्वी हरणांसाठी फास लावणारे आहेत. त्या फासांत गोरिलांचे हात-पाय अडकायचे. गोरिला हल्ली भिंत ओलांडून निलगिरीची साल खायला शेताकडे येतात, तेव्हा लोक दगड मारत नाहीत, माग काढणाऱ्यांना फोन करतात. पण याच जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या त्वा लोकांना बाहेर काढलं गेलं, त्यांची भरपाई दहा टक्क्यांत बसत नाही. आता गोरिलांना जागा अपुरी पडतेय म्हणून उद्यान वाढवायचं ठरलंय आणि त्यासाठी काही कुटुंबांना नव्या वस्तीत हलवावं लागणार आहे. मला गोरिला वाढायला हवेत. पण ज्याचं वावर जातं त्याचं दुःख काय असतं, ते मी घरात पाहिलंय.

उतरताना भिंतीपाशी बाई पुन्हा थांबल्या. मघापासून त्यांच्या डोक्यात काहीतरी घोळत असावं. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे अशी भिंत आहे का?"

नाही, मी म्हटलं.

"मग वडील रात्री कुठे बसतात?"

हातांनी चार खांब दाखवले, वर फळी, त्यावर माणूस. त्यांना नीट कळेना. वाटाड्यालाही सांगता येईना. शेवटी मी म्हटलं, फोटो आणते. त्यांनी ओच्यात धरलेले सहा-सात बटाटे माझ्या पिशवीत टाकले. "मुराकोझे," मी म्हटलं, म्हणजे धन्यवाद. हमालीशिवाय बटाट्यांचे पैसे वेगळे द्यायला गेले तर त्या रागावल्याच.

घरी येऊन त्याच रात्री बाबांना फोन केला. आठवड्याने त्यांनी मचाणाचा फोटो पाठवला, शेजारी स्वतः उभे, हातात डबा. नवऱ्याला ऑगस्टमधली तारीख मिळाली आहे. फोटो मोठा छापून घेतलाय, तो त्याच्यासोबत जाईल.