नेक्स्टक्लाउड स्वतःच्या सर्व्हरवर बसवताना

स्कॅन केलेली कागदपत्रे, छायाचित्रे आणि कामाचे दस्तऐवज स्वतःच्या ताब्यातील सर्व्हरवर ठेवावेत, असे बरेच दिवस मनात होते. त्यासाठी शेवटी मी नेक्स्टक्लाउड हे फायली साठवण्याचे आणि शेअर करण्याचे सॉफ्टवेअर बसवले. २०१६ साली ओनक्लाउड या तशाच सॉफ्टवेअरपासून वेगळा झालेला हा मुक्त स्रोत प्रकल्प वेब सर्व्हर, पीएचपी ही प्रोग्रामिंग भाषा आणि डेटाबेस एवढ्या सामग्रीवर चालतो. मी भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर उबंटू ही लिनक्स प्रणाली होती. त्यावर अपाचे हा वेब सर्व्हर आणि मारियाडीबी हा डेटाबेस बसवून सुरुवात केली.

डोमेनचे नाव सर्व्हरच्या आयपी पत्त्याशी जोडणे आणि जोडणी कूटबद्ध करणारे लेट्स एन्क्रिप्टचे मोफत प्रमाणपत्र मिळवणे ही कामे विनासायास झाली. प्रमाणपत्राची मुदत ९० दिवसांची असल्याने त्याचे नूतनीकरण आपोआप होते की नाही, हे प्रमाणपत्र आणणाऱ्या सर्टबॉट या प्रोग्रामच्या चाचणी आदेशाने लगेच तपासून घेतले. पासवर्ड उघड्या जोडणीवरून एकदाही जाऊ नये, म्हणून पहिले लॉगिन त्यानंतरच केले.

खरी अडचण डेटा फोल्डरपाशी, म्हणजे वापरकर्त्यांच्या फायली जिथे साठतात तिथे, आली. इन्स्टॉलेशनच्या पहिल्या पानावर प्रशासकाचे नाव, पासवर्ड आणि डेटाबेसचा तपशील यांबरोबर या फोल्डरचा मार्गही विचारला जातो. त्या रकान्यात आधीच भरलेला मार्ग मी तसाच राहू दिला. हा फोल्डर वेब सर्व्हर जगाला दाखवतो त्याच मुख्य फोल्डरच्या आत असतो आणि त्याची राखण एचटीॲक्सेस नावाची एक लहानशी फाइल करते. अपाचेने ती वाचावी यासाठी ‘अलाउओव्हरराइड’ ही सेटिंग चालू असावी लागते; माझ्या सर्व्हरवर ती बंद होती आणि याची मला कल्पनाच नव्हती. प्रशासनाच्या पानावर डेटा फोल्डर बहुधा इंटरनेटवरून उघडता येतो, अशा अर्थाचा इशारा दिसला, तेव्हा मी ब्राउझरची खाजगी विंडो उघडली. लॉगिन न करता संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे ‘डेटा’, माझे वापरकर्तानाव, ‘फाइल्स’ आणि शेवटी चाचणीसाठी ठेवलेल्या फाइलचे नाव असा मार्ग टाइप करून एंटर दाबले. त्या फाइलमधल्या दोन्ही ओळी जशाच्या तशा समोर आल्या आणि माझ्या पोटात गोळा आला.

ती सेटिंग चालू करून वेळ निभावली असती, परंतु फायलींची सुरक्षितता एका सेटिंगच्या भरवशावर सोडणे मला पटेना. डेटा फोल्डर मुख्य फोल्डरच्या बाहेरच असावा, असे ठरवले. जुना मार्ग डेटाबेसमध्येही नोंदलेला असल्यामुळे वापर सुरू झाल्यानंतर फोल्डर हलवणे जिकिरीचे ठरते. माझ्याकडे चाचणीच्या चारच फायली होत्या, म्हणून डेटाबेस रिकामा करून सगळे पहिल्यापासून बसवले.

या वेळी नव्या फोल्डरमध्ये लिहिता येत नाही, अशी तक्रार आली. अशा वेळी फोल्डरला ७७७, म्हणजे सर्वांना सर्व काही करू देणारी, परवानगी देऊन टाकावी, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो मला घातक वाटतो, कारण त्याने सर्व्हरवरील प्रत्येक वापरकर्त्याला तिथे लिहिण्याची आणि पुसण्याची मुभा मिळते. फोल्डर मी रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून तयार केला होता, त्यामुळे मालकी रूटकडे राहिली होती, एवढेच त्यामागचे कारण होते. अपाचे ज्याच्या नावाने चालतो त्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या वापरकर्त्याकडे मालकी सोपवून परवानगी ७५० ठेवली, म्हणजे इतरांना तिथे प्रवेश नाही, आणि इन्स्टॉलेशन पुढे सरकले.

पीएचपीची स्मृतिमर्यादा किमान ५१२ एमबी असावी, अशी शिफारस आहे. मी ती वाढवली, आदेश देऊन तपासली, तरीही प्रशासनाच्या पानावरील इशारा हटेना. यात माझी संपूर्ण संध्याकाळ गेली. आदेशपटलासाठी (जिथे आदेश टाइप करतात ती खिडकी) आणि वेब सर्व्हरसाठी पीएचपीच्या सेटिंगच्या फायली स्वतंत्र असतात. मी पहिली बदलत होतो आणि तपासतही पहिलीच होतो. योग्य फाइल बदलून अपाचे पुन्हा सुरू करताच इशारा गेला. पार्श्वभूमीतील कामांसाठी दर ५ मिनिटांनी चालणारा क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणारा आदेश, लावला, तोही डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या नावाने.

बॅकअप परत उभा करून पाहिल्याशिवाय महत्त्वाची कागदपत्रे इथे ठेवायची नाहीत, असे मी आधीच ठरवले होते. वापर तात्पुरता थांबवणारी देखभाल स्थिती चालू करून सेटिंगचा फोल्डर, डेटा फोल्डर आणि डेटाबेस या तिन्हींच्या प्रती घेतल्या, कारण नुसत्या फायली जपल्या तर कोणती फाइल कुणाबरोबर शेअर केली आहे याची नोंद हरवते. जवळच्या एका जुन्या संगणकावर तीच आवृत्ती बसवून या प्रती तिथे आणल्या आणि देखभाल स्थिती बंद केली. पहिल्याच प्रयत्नाला डोमेन विश्वासार्ह नसल्याचा संदेश आला, कारण या संगणकाचा पत्ता वेगळा होता. सेटिंगच्या फाइलमधील विश्वासार्ह डोमेनच्या यादीत तो लिहिल्यावर लॉगिनचे पान उघडले. जुन्याच पासवर्डने आत गेलो, चारही फायली उघडून पाहिल्या आणि त्या रात्री पहिली खरी कागदपत्रे सर्व्हरवर चढवली.