बाथरूमचं पाणी, कर्दळ आणि अर्धा एचपी

बाथरूमचं आणि वॉशिंग मशीनचं पाणी बागेला वळवायचं काम ३ दिवसांत उरकलं. प्लंबरने पाइप फिरवले, गवंड्याने २ मीटर बाय १ मीटरचा हौद बांधला, त्यात खडी भरून कर्दळ लावली. मालमत्ता करातल्या सवलतीला मात्र ५ महिने लागले.

अर्जात रकाने तीनच: सौरऊर्जा, पर्जन्यजल, गांडूळखत. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "मग पर्जन्यजलात टाका ना!" मी म्हटलं, "अहो, हे आंघोळीचं पाणी आहे, पावसाचं नाही." तिथे गप्प बसलो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं. मला ड्रेनेज विभागात धाडलं. तिथे 'सांडपाणी' एवढंच ऐकून चेंबर तुंबल्याची तक्रार नोंदवून घेतली. दोन दिवसांनी जेटिंगची गाडी दारात. "कुठं तुंबलंय, काका?" गाडी परत घालवायला पुन्हा सही दिली.

पाहणीचा शेरा दोनदा आला, 'घर बंद'. दोन्ही वेळा ही ओट्यावर शेंगा निवडत बसली होती. तिसऱ्यांदा मी फाटकाशीच खुर्ची टाकली. साहेब आले.

"प्लांट कुठाय?"

मी कर्दळीकडे बोट दाखवलं.

"नाही हो, मशीन. मोटर?"

खडीतून पाणी सावकाश झिरपतं, मुळांशी आणि खडीवर वाढणारे जिवाणू घाण खातात, मोटर लागतच नाही, हे मी दहा मिनिटं समजावलं. ते पेनचं टोपण काढून थांबलेलेच. शेवटी पिंपातला बागेला पाणी द्यायचा पंप आठवला. त्यांनी समाधानाने लिहिलं, 'मोटर अर्धा एचपी'.

कुणी करणार असेल तर सांगतो, ते पिंप रोज रिकामं करा. मी सुरुवातीला दोन दिवस साठवलं तर शेजारच्या काकू नाकाला पदर लावून आल्या. पाण्याची पातळी खडीच्या चार बोटं खालीच ठेवा, म्हणजे डास होत नाहीत. स्वयंपाकघराचं सिंक जोडू नका, तेलाने खडी बुजते. आणि हो, मशीनच्या पाइपाला जुना पायमोजा बांधा. आठवड्यात त्यात कपड्यांच्या तंतूंचा करडा लगदा जमतो. केळी, नारळाला हे पाणी बेलाशक द्या, कोथिंबिरीला नको.

शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी हिशेब माणशी रोज १३५ लिटर, म्हणजे आमच्या चौघांचं ५४०. बादलीने मोजलं तर रोज २५० लिटरच्या आसपास बागेत जातं. उन्हाळ्यात टँकर मागवला नाही.

सवलत परवाच्या बिलात आली, ४७० रुपये. समोर कारण छापलंय: पर्जन्यजल.